‘मॉडरेटर व्हा’ अशी हाक देण्यापूर्वी : एका गेम कंपनीस खुले पत्र

प्रति,
भारतातील व्यवस्थापक आणि समुदाय विभागाचे प्रमुख

विषय : सोळा वर्षांवरील खेळाडूंना स्वयंसेवक मॉडरेटर म्हणून घेण्याचा निर्णय थांबवणे व मराठी चॅनलच्या प्रलंबित तक्रारी.

महोदय / महोदया,

गेल्या आठवड्यात खेळ उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर आपली नवी जाहिरात दिसली. खेळातल्या मराठी चॅनलसाठी स्वयंसेवक मॉडरेटर, म्हणजे तिथल्या गप्पांवर लक्ष ठेवणारे, हवे आहेत, वयाची अट अठरावरून सोळावर आणली आहे, आठवड्याला किमान दहा तास देण्याची तयारी हवी, मोबाइल क्रमांक द्यावा लागेल आणि अर्जाला सध्याच्या एका मॉडरेटरची शिफारस जोडावी लागेल, असे तीत म्हटले आहे. तेव्हापासून चोपडा, शिरपूर, पाचोरा, शहादा या भागांतल्या मुलांचे मला निरोप येत आहेत : “दादा, मनी शिफारस करी द्या.” त्यांतली बरीचशी अकरावी-बारावीत शिकणारी आहेत. मी अद्याप एकाचीही शिफारस केलेली नाही. मुले चांगली आहेत. काही तर आत्ताच बिल्ल्याशिवाय निम्मे काम करतात. तरीही मी हात आखडता का घेतला आहे, हे त्यांना, त्यांच्या पालकांना आणि आपल्याला एकाच वेळी कळावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. यातले बहुतेक मुद्दे आम्ही आपल्या अंतर्गत अर्जावर वेळोवेळी मांडले आहेत, आणि त्यांना “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे” याखेरीज उत्तर मिळालेले नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आपण स्वतःला ओळखालच, आणि दुसऱ्या खेळांच्या समुदायांत राबणाऱ्यांनाही यातला बराच भाग आपलाच वाटेल.

मी धरणगावला एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम पाहतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या भागातली मुले मोबाइलवर खेळू लागली आणि त्यांच्याबरोबर मीही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा महिनोन्‌महिने एकत्र खेळलेले गट एका रात्रीत विस्कटले आणि त्यांतले काही आपल्या खेळात येऊन स्थिरावले. चॅनलचे नाव मराठी असले तरी तिथे बोलली जाते ती प्रामुख्याने अहिराणी. जळगावकडची मुले तावडीत बोलतात, रावेर-यावलची लेवा बोलीत, सातपुड्यातली एकमेकांत पावरीत. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये राहणारे, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये किंवा चाकणच्या कारखान्यांत काम करणारे खान्देशी तरुण पाळी संपल्यावर रात्री चॅनलवर येतात. पुष्कळदा ते खेळतही नाहीत, माइक चालू ठेवून नुसते ऐकत बसतात. घरापासून दूर असलेल्या माणसाला आपली बोली कानावर पडण्याची ही एक जागा आहे, आणि ती घाण होऊ नये असे मला वाटते. कोणी सांगितले म्हणून मी या कामाला लागलो नाही, आणि कोणी सांगितले म्हणून ते सोडणारही नाही. माझी तक्रार कामाबद्दल नाही.

मॉडरेटर म्हणजे संदेश पुसणारा माणूस, अशी बाहेरच्यांची समजूत असते. जाहिरातीवरून ती आपलीही असावी असे दिसते. संदेश पुसणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. फुकट डायमंड (खेळातले चलन) मिळतील अशी लिंक कोणी टाकली तर ती पुसून ती टाकणाऱ्याला बॅन करायला क्षणभर लागतो. तेवढ्या वेळात त्या लिंकवर वडिलांच्या मोबाइलवरचा ओटीपी देऊन बसलेल्या मुलाला शोधायला, त्याला न रागावता बोलते करायला आणि घरच्यांना १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर ताबडतोब फोन करायला लावायला मात्र अर्धी रात्र जाते, कारण पैसे पुढच्या खात्यांतून फिरून काढले जाण्यापूर्वी तक्रार झाली तरच ते गोठवले जाण्याची आशा असते. व्हॉइस चॅटमध्ये भांडण पेटले की तिथे जाऊन स्वतः ऐकावे लागते, कारण आवाजाची नोंद राहत नाही आणि नंतर प्रत्येक जण आपापली बाजूच सांगतो. ज्याला म्यूट केले त्याला कारण समजावून सांगावे लागते. नुसते म्यूट केलेला मुलगा दुसऱ्या आयडीने परत येतो, समजावलेला बहुधा येत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, मुले रात्री गच्चीवर झोपायला जातात आणि पहाटेपर्यंत खेळतात. आमचे काम त्या वेळी सर्वांत जड असते आणि नेमके त्याच वेळी आपल्या बाजूला बोलायला एकही माणूस नसतो.

आता गाऱ्हाणी मांडतो.

पहिले गाऱ्हाणे ‘स्वयंसेवक’ या दर्जाचे आहे. ते मी थोडक्यात उरकतो, कारण पैशासाठी हे पत्र लिहिले असा कोणाचा समज होऊ नये. आपण आम्हाला किमान तास ठरवून देता, पाळ्यांचा तक्ता पाठवता, दर आठवड्याला अहवाल मागता आणि तास कमी भरले की बिल्ला काढून घेता. मोबदला म्हणून गेल्या दिवाळीत सोनेरी हेल्मेट दिले होते. ते घालून मैदानात उतरले की शत्रूला लांबूनच दिसते, हा भाग वेगळा. यातला गंभीर प्रश्न जुना आहे. अमेरिकेत एओएल कंपनीच्या चॅटरूम सांभाळणारे स्वयंसेवक अशाच पाळ्या आणि अहवाल सांभाळत होते. त्यांच्यापैकी काहींनी १९९९ मध्ये किमान वेतनासाठी न्यायालयात धाव घेतली आणि कंपनीला अखेर दीड कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. अल्टिमा ऑनलाइन या खेळाच्या स्वयंसेवकांनीही तिथल्या न्यायालयात असाच दावा लावला होता. आम्ही न्यायालयात जाण्याची भाषा करत नाही. पण माणूस आपल्या मर्जीने मदत करतो की नेमून दिलेले काम करतो, यांपैकी एक काय ते ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचे आपण टाळत आहात.

दुसरे गाऱ्हाणे भाषेचे, आणि इथे मला थोडे थांबावे लागेल. आपली आचारसंहिता फक्त इंग्रजीत आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या मध्यस्थ नियमांत ऑक्टोबर २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नियमावली आणि वापरकरार इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या ज्या भाषेत वापरणाऱ्याला हवा असेल त्या भाषेत उपलब्ध असला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तरी आमच्या मुलांना ज्या नियमाखाली बॅन केले जाते तो नियम त्यांना आम्ही तोंडी भाषांतर करून सांगतो, आणि वाद झाला की “दादांनी स्वतःच्या मनाने नियम केला” असा आरोप आमच्यावर येतो.

फिल्टरची गोष्ट याहून वाईट आहे. आमची मुले अहिराणी इंग्रजी लिपीत टाइप करतात, तीही ज्याच्या त्याच्या स्पेलिंगने. “मारी टाकसू” असे एखाद्याने लिहिले तर गोळीबाराच्या खेळात त्याचा अर्थ समोरच्या संघाला उद्देशून केलेली फुशारकी एवढाच असतो; आपला फिल्टर मात्र अधूनमधून त्यालाच धमकी समजून मुलाला तीन दिवस बाहेर बसवतो. आणि “तुना गावमा ई ऱ्हायनू” (तुझ्या गावात येतोय) यापुढे खरोखरच्या गावाचे, गल्लीचे नाव लिहिलेला संदेश, ज्यात एकही वाईट शब्द नाही, तो बिनधोक पुढे जातो. ऐकणाऱ्या मुलाला त्यातली धमकी लगेच कळते, आम्हालाही कळते. आम्ही ती वर कळवतो तेव्हा दूरच्या शहरातला कोणी कर्मचारी तिचे यंत्राने भाषांतर करून पाहतो आणि “नियमभंग आढळला नाही” असा शेरा मारून प्रकरण बंद करतो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली आहे. अहिराणी आठव्या अनुसूचीत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून नियम अहिराणीत छापा असा आमचा हट्ट नाही. ती समजणारा एक पगारी माणूस नेमणे एवढ्या मोठ्या कंपनीला जड जाऊ नये.

याच मुद्द्याचा एक भाग जातीचा आहे. तक्रार नोंदवण्याच्या आपल्या यादीत वंश, धर्म, लिंग, अपंगत्व असे पर्याय आहेत. जात नाही. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडचा आदिवासी मुलगा माइक चालू करतो, त्याच्या उच्चारावरून तो कोठला हे ओळखले जाते, आणि त्याच्या जमातीचे नावच शिवीसारखे वापरले जाते. शब्दकोशात ती शिवी नाही, त्यामुळे फिल्टर गप्प राहतो. अशी तक्रार कोणत्या पर्यायाखाली टाकावी असे आम्ही विचारले, तेव्हा ‘इतर’ निवडा असे उत्तर आले. ‘इतर’ निवडलेल्या तक्रारी सर्वांत शेवटी पाहिल्या जातात, हे आम्हाला अनुभवाने कळले. या देशात १९८९ पासून अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा आहे आणि चारचौघांत केलेला जातिवाचक अपमान त्यात गुन्हा आहे. भारतात खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या यादीत तो शब्दच नसावा, याचे स्पष्टीकरण मला आजवर सापडलेले नाही. असे अपमान झालेली मुले तक्रार करत नाहीत, माइक बंद करतात, आणि काही दिवसांनी दिसेनाशी होतात. आपल्या आकडेवारीत ती फक्त खेळ सोडलेले खेळाडू म्हणून नोंदली जात असतील.

तिसरे गाऱ्हाणे आमच्या सुरक्षिततेचे. मुंबईतल्या मॉडरेटरने कोणाला बॅन केले तर तो आणि बॅन झालेला आयुष्यात कधी समोरासमोर येणार नाहीत. आमच्याकडे बॅन झालेला मुलगा शेजारच्या गावचा असतो, त्याचा मामा आमच्या ओळखीचा असतो आणि तो दुसऱ्या दिवशी बस स्थानकावर भेटतो. बहुतेकदा हसून विषय निघतो. नेहमी तसे होत नाही. आपली यंत्रणा मात्र प्रत्येक कारवाईखाली मॉडरेटरची आयडी छापते, आणि नोंदणीच्या वेळी दिलेला क्रमांक मॉडरेटरांच्या गटात सर्वांना दिसतो. हे दोन्ही बदला असे सांगून आम्ही थकलो.

तापीकाठच्या एका गावातली, महाविद्यालयात शिकणारी आमची एक सहकारी होती. तिच्या संमतीने आणि तिची ओळख पटणार नाही एवढेच सांगतो. एका टोळक्याला तिने बॅन केल्यावर तिचा फोटो, महाविद्यालयाचे नाव आणि क्रमांक तिसऱ्याच गटात फिरू लागला, त्याखाली काय लिहिले होते ते इथे लिहिण्याजोगे नाही. तिने आपल्याला कळवले. उत्तर आले की स्वयंसेवक हे कंपनीचे प्रतिनिधी नसल्याने तिने पोलिसांची मदत घ्यावी. ती वडिलांना घेऊन पोलिसांकडे गेली; खान्देशातल्या मुलीने मोबाइलच्या खेळापायी वडिलांना पोलीस ठाण्यात नेणे किती अवघड असते, हे समजायला आपण इथे राहायला हवे. पोलिसांनी लेखी पत्राने मूळ चॅटची नोंद मागितली. आपल्याकडून उत्तर आले की न्यायालयाचा आदेश आणावा, आणि पुढे असे कळले की काढून टाकलेले संदेश तोवर कायमचे पुसले गेले होते. २०२१ च्या त्याच नियमांनुसार काढून टाकलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात, आणि अधिकृत तपास यंत्रणेने लेखी मागितल्यास ७२ तासांच्या आत माहिती द्यायची असते. आमच्या सहकाऱ्याने मॉडरेटरचे काम सोडले. तिचा फोन आता तिच्या भावाकडे असतो. आपण पाठवलेल्या शेवटच्या संदेशात तिला तिच्या सेवेबद्दल एक डिजिटल प्रमाणपत्र दिले आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दी आवरायला गावातली पोरे शिट्टी घेऊन उभी राहतात. त्यांनाही कोणी पगार देत नाही. पण पोलीस चौकी कोठे आहे, हरवलेले मूल कोणाकडे न्यायचे आणि दारू प्यायलेला माणूस अंगावर आला तर मागे कोण उभे आहे, हे त्यांना उभे करण्यापूर्वी सांगितलेले असते. आम्हाला आपण फक्त शिट्टी दिली आहे.

चौथे गाऱ्हाणे सर्वांत मोठे आहे, आणि शिफारशीवर सही न करण्याचे खरे कारण तेच. आमच्या चॅनलवर रात्री लहान मुले असतात. दहावीचा निकाल लागतो त्या आठवड्यात, घरात कर्जावरून भांडण झालेले असते त्या रात्री, कोणीतरी लिहितो की आता जगून उपयोग नाही. कधी ती थट्टा असते, कधी नसते. अशा वेळी काय करायचे याचे एक पानही आपण आम्हाला दिलेले नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, हे आम्ही आमचे शोधले आणि चॅनलच्या माथ्यावर लावले; आपल्या बॉटने तो संदेश बाहेरचा क्रमांक म्हणून दोनदा काढून टाकला.

याहून कठीण गोष्ट म्हणजे प्रौढ माणसे लहान मुलांशी खासगी संदेशांतून जे बोलतात ते. मुले त्याचे स्क्रीनशॉट आम्हाला दाखवतात, कारण घरी दाखवायची सोय नसते. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. बालकावर असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे हे ज्याला कळते, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे असे त्याचे कलम १९ सांगते, आणि न कळवणाऱ्या प्रौढाला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे आमच्यापैकी एका मॉडरेटरला त्याच्या वकील काकांनी सांगितले, तोवर आम्हाला माहीत नव्हते. आपल्या कायदा विभागाला ते माहीत नसेल असे कोण म्हणेल? आपल्या मॉडरेटर मार्गदर्शिकेत अशा वेळी “वापरणाऱ्याला ब्लॉक करण्याचा सल्ला द्यावा” एवढेच वाक्य आहे. ते वाक्य पाळणारा प्रौढ स्वयंसेवक स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो, आणि तो दुष्ट माणूस मात्र दुसऱ्या आयडीने दुसऱ्या मुलाकडे जातो.

आणि आता या जागेवर सोळा वर्षांची मुले बसवायची आहेत. पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यातही तसेच आहे. म्हणजे ज्या मुलांची राखण करायची ती आणि राखण करणारी, दोन्ही कायद्याच्या दृष्टीने बालकेच. ते स्क्रीनशॉट उघडून पाहायचे काम आपण त्यांना देणार आहात. हे काम पगारावर करणाऱ्या प्रौढ माणसांचे काय होते याची नोंद जगापुढे आहे : मजकूर तपासताना मनावर झालेल्या आघातांबद्दल फेसबुकने २०२० मध्ये अमेरिकेतल्या अशा कामगारांशी ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. अकरावीतल्या मुलाच्या वाट्याला काय येणार? आपल्या जाहिरातीत पालकांच्या संमतीचा उल्लेखही मला सापडला नाही.

पाचवे गाऱ्हाणे पैसे लावून खेळायच्या कस्टम रूमचे, म्हणजे खेळाडूंनी स्वतः उघडलेल्या सामन्यांचे. आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते खेळायची जुनी रीत आहे. बाहेरगावी गेलेले सगळे त्या दिवसांत घरी येतात, आणि आता झोक्याखालच्या पत्त्यांबरोबर मोबाइलवरच्या रूमही भरतात. वीस रुपये भरा, शंभर जण खेळा, पहिल्याला हजार, उरलेले रूम काढणाऱ्याचे. असा संदेश चॅनलवर आला की तो ठेवायचा की काढायचा? ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. पैसे लावून खेळायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. त्याच कायद्यात मान्यताप्राप्त ई-स्पोर्ट्स स्पर्धांना केवळ प्रवेशापुरते किंवा आयोजनाच्या खर्चापुरते शुल्क घेण्याची मुभाही आहे. वीस रुपयांची गल्लीतली रूम या दोहोंपैकी कशात बसते, हे मी हिशेबाचा माणूस असूनही खात्रीने सांगू शकत नाही. आपण मात्र “मॉडरेटरने आपल्या विवेकाने निर्णय घ्यावा” असे लिहून मोकळे झालात. काढले तर रूमवाले आमच्यावर चिडतात, ठेवले तर उद्या जाहिरात होऊ दिली असे आमच्याकडे बोट दाखवले जाईल. वकिलाने द्यायचा निर्णय आपण गच्चीवर बसलेल्या पोरावर सोपवता.

एक शेवटची गोष्ट, जी मोठी नाही पण रोज बोचते. एखाद्या सामान्य खेळाडूला आम्ही बॅन केले तर त्याचे अपील आठवडेच्या आठवडे पडून राहते, तो बिचारा उत्तरासाठी आम्हालाच विचारत राहतो. हजारो लोक ज्याचे थेट प्रक्षेपण पाहतात अशा एखाद्या यूट्यूबरला त्याच कारणासाठी बॅन केले तर तो संध्याकाळी परत आलेला असतो, आम्हाला न विचारता, न सांगता. आल्या आल्या तो आपल्या प्रेक्षकांना आमच्या आयडी वाचून दाखवतो. मॉडरेटरही काही देवमाणसे नसतात. मित्राला सोडून विरोधकाला बॅन करणारे, बिल्ल्याचा धाक दाखवून मुलांकडून आयडी उकळणारे आमच्यातही निघाले आहेत, आणि त्यांना काढण्यासाठी आम्हीच पुरावे दिले आहेत. म्हणूनच एकच नियम सर्वांना लागावा असे आम्ही म्हणतो, आम्हालाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. अठरा वर्षांखालील कोणालाही मॉडरेटर करू नये आणि जाहिरात त्याप्रमाणे आजच बदलावी. किमान तास, पाळ्या आणि सक्तीचे अहवाल ही अट काढून टाकावी; ती ठेवायची असेल तर ते काम पगारी करावे. आचारसंहिता मराठीत प्रसिद्ध करावी, तक्रारींच्या यादीत जात हा स्वतंत्र पर्याय घालावा आणि मराठी व अहिराणी समजणारा किमान एक पगारी कर्मचारी नेमावा. कारवाईखाली मॉडरेटरची वैयक्तिक आयडी न छापता चॅनलचे सामायिक नाव छापावे आणि आमचे क्रमांक लपवावेत.

जिवाचा धोका, बालकांवरील गुन्हे आणि मॉडरेटरला आलेल्या धमक्या या तीन बाबींसाठी रात्रीही उत्तर देणारा माणूस असलेली एक वाट ठेवावी. त्या तीन प्रसंगी काय करायचे, १०९८ (बालकांची हेल्पलाइन), १९३०, १४४१६ यांपैकी कोठे केव्हा फोन करायचा, पोलिसांना कोणी कळवायचे आणि कंपनी त्यात काय करील, हे मराठीत दोन पानांत लिहून द्यावे. काढलेल्या मजकुराच्या नोंदी नियमाप्रमाणे १८० दिवस जपाव्यात, पोलिसांच्या लेखी मागणीला मुदतीत उत्तर द्यावे आणि आमच्या सहकाऱ्याच्या प्रकरणात नोंदी का गेल्या याचे लेखी स्पष्टीकरण तिला द्यावे. तिने ते मागितलेले नाही, आम्ही मागतो आहोत. पैसे लावायच्या रूमबद्दल आपल्या कायदा विभागाने स्पष्ट नियम करावा, आणि तो होईपर्यंत असे सर्व संदेश कंपनीच्या नावाने काढले जावेत. बॅन फिरवला तर कारण मॉडरेटरला कळवावे, यूट्यूबर असो वा शाळकरी मूल.

२०२१ च्या नियमांनुसार आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने वापरणाऱ्याच्या तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि, २०२६ च्या दुरुस्तीनंतर, ७ दिवसांत ती निकाली काढायची असते. आम्हीही वापरणारेच आहोत, म्हणून या पत्राची प्रत त्यांच्याकडे रीतसर तक्रार म्हणून पाठवली आहे आणि तेवढेच दिवस वाट पाहणार आहोत. तोवर मराठी चॅनलच्या मॉडरेटरांपैकी ज्यांनी या पत्राला संमती दिली आहे, ते कोणत्याही नव्या अर्जावर शिफारस देणार नाहीत, साप्ताहिक अहवाल भरणार नाहीत आणि कंपनीच्या स्पर्धांचे सूत्रसंचालन करणार नाहीत. फसवणुकीच्या लिंक, धमक्या, जातिवाचक अपमान आणि लहान मुलांच्या तक्रारी यांवरचे काम आम्ही पूर्वीप्रमाणे चालू ठेवू. त्यात खंड पडणार नाही. मुदतीत उत्तर आले नाही, तर नियमांत सांगितलेल्या तक्रार अपील समितीकडे जाऊ आणि अठराखालच्या भरतीबद्दल राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला स्वतंत्रपणे कळवू.

ज्या मुलांनी माझ्याकडे शिफारस मागितली आहे त्यांना एवढेच सांगतो की अर्ज तुमच्याजवळ राहू द्या, फाडू नका. अठरा पूर्ण झालेल्यांच्या अर्जांवर, वरच्या गोष्टी लेखी मिळाल्या की, मी त्याच दिवशी सही करीन.

उत्तर मराठीत आल्यास ते चॅनलवर जसेच्या तसे लावता येईल.

आपला,
मराठी चॅनलचा एक स्वयंसेवक मॉडरेटर
धरणगाव, जि. जळगाव